अर्थ आहे, पण परवानगी नाही

आमच्या शनिवारच्या मंडळींत कोणी काही मजेदार बोलले, की तोच माणूस लगेच घाबरून म्हणतो, "सुमनताई, हे नका लिहू बरं!" मी रोज डायरी लिहिते हे सर्वांना ठाऊक आहे. आणि ‘हे नका लिहू’ असे ज्याच्याबद्दल म्हटले जाते, नेमके तेच लिहिण्यासारखे असते. किस्से असेच जमतात. आपण डाळ निवडायला बसावे आणि ताटाच्या कडेला खड्यांचाच ढीग व्हावा, तसे.

यंदाच्या हिवाळ्यात मी एका वहीत तीन रकाने आखले होते. वाक्य, हो, नाही. रकाने जेमतेम भरले. समास मात्र खालपासून वरपर्यंत गच्च! त्या दिवसांत हसायचीही चोरी वाटायची. आता वाटत नाही, म्हणून सांगते.

आधी वही कशासाठी आखली ते सांगायला हवे. माझा मोठा भाऊ मनोहरदादा. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये ब्लास्ट फर्नेसवर पस्तीस वर्षे काढून रिटायर झाला. आम्ही सहा-सात मराठी घरे एकेकाळी एकाच स्ट्रीटवर राहायचो. नंतर कोणी हुडको कॉलनीत गेले, कोणी जवळच्या रुआबांध्यात घर बांधले, पण शनिवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी चहा-चिवडा ठरलेला. त्या बैठकीत सर्वांत जास्त बोलणारा माणूस म्हणजे दादा. दिवाळीच्या आधी त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणे गेले. उरला फक्त एक शब्द, "चला." भूक लागली, "चला." पाय दुखतो, "चला." समोर कोणी रडत बसले, तरी "चला."

डॉक्टर म्हणाले, बोलणे येईल किंवा येणार नाही. पण यांना समजते किती, हेही आज सांगता येत नाही.

कुसुमवहिनींचा जीव त्या दुसऱ्या वाक्यात अडकला. मला म्हणाल्या, "बोलनं नाही आलं तं नाही आलं, सुमन. पन मी दिवसभर ह्यायच्याशी बोलून राहिली, ते भिंतीशी बोलून राहिली का, एवढंच मले कोनी सांगा."

*

बोलण्याचे व्यायाम शिकवायला रेश्मा नावाची मुलगी घरी यायची. सगळे तिला मॅडम म्हणायचे, पण ती मला आंटी म्हणायची. तिच्याकडे चाळीस वाक्यांचा एक हिंदी कागद होता. आपण वाक्य वाचायचे. त्याला काही अर्थ असेल तर पेशंटने हात वर करायचा. निरर्थक असेल तर हात खालीच. लकव्यानंतर तिसऱ्याच आठवड्यात तिने ते दादावर करून पाहिले होते. चाळीसात बावीस. नाणे उडवले असते तरी साधारण तेवढेच आले असते.

रेश्मा म्हणाली, "आंटी, घर की भाषा में करके देखते हैं. मराठी का कागज मेरे पास नहीं है. आप रोज लिखती हैं, आप ही चालीस वाक्य बना दीजिए. पर पहले दस ठीक-ठाक लोगों पर आजमा लेना. जिस पर ठीक लोग ही गड़बड़ा जाएँ, वो वाक्य काट देना."

मी विचारले, "ठीक लोग क्यों गड़बड़ाएँगे?"

ती नुसती हसली. मी अकरावीपर्यंत शिकलेली बाई. मला वाटले, वाक्याला अर्थ आहे की नाही, हे सांगायला काय लागते!

*

पहिली बैठक हुडकोत गजाभाऊंकडे झाली. गजाभाऊ दादाचे फर्नेसवरचे जोडीदार. मी नियम समजावला. वाक्य खरे की खोटे ते विचारत नाही, चांगले की वाईट ते विचारत नाही. अर्थ लागतो का, एवढेच. लागला तर डावा हात वर. दादाचा डावाच हात चालतो, तेव्हा सर्वांनी डावाच करायचा.

वाक्य पहिले. "आजीने देवाला नैवेद्य दाखवला."

पुरुषांचे हात वर. बायकांपैकी एकीचाही नाही!

मी वाक्य पुन्हा वाचले. बायका जागच्या हलल्या नाहीत. मी घाबरले. पहिल्याच, सगळ्यात सोप्या वाक्यावर चार बायका नापास? वहीत चार वेळा ‘नाही’ लिहिले आणि शेवटी न राहवून शांताकाकूंना विचारले. शांताकाकू आमच्यात सर्वांत वडील, ऐंशीच्या घरातल्या.

"काकू, या वाक्याले अर्थ नाही का?"

"आहे ना. कावून नाही राहीन?"

"मंग हात?"

काकूंनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मीच आजारी आहे. "पोरी, नैवेद्याले डावा हात वर करू?"

*

बापूराव रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. दुर्गच्या लाइनवर आयुष्य गेले. स्वभाव शांत, काम चोख. त्यांची परीक्षा मी त्यांना एकट्याला बसवून घेतली, कारण गर्दीत एकमेकांचे पाहून हात वर होतात हे माझ्या लक्षात आले होते.

मी वाचले, "मुलीने पाटीवर चित्र काढले."

बापूराव म्हणाले, "मुलीने पाटीवर चित्र काढले. ऑल राइट." आणि हात वर.

"शेतकऱ्याने बैलाला पाणी पाजले."

"शेतकऱ्याने बैलाला पाणी पाजले. ऑल राइट." हात वर.

मला बरे वाटले. इतका नीट ऐकणारा माणूस अजून मिळाला नव्हता. मग मी वाचले, "दगडाने दोन पोळ्या खाल्ल्या."

"दगडाने दोन पोळ्या खाल्ल्या. ऑल राइट." हात वर!

वाटले, ऐकण्यात चूक झाली असेल. पुढचे वाचले. "ढगाने चप्पल शिवून आणली." तेही ऑल राइट. वीस वाक्ये झाली, वीस वेळा हात वर. मी पेन खाली ठेवले.

"बापूकाका, दगड पोळ्या खाते का?"

"मले काय मालूम?"

"मंग तुम्ही हात वर केला ना!"

"सुमनबाई," बापूराव समजुतीच्या सुरात म्हणाले, "निरोप आला, तो मी जसाच्या तसा परत म्हनून दाखवला, अन् मिळाला म्हनून हात केला. आता दगडानं खाल्ल्या का नाही खाल्ल्या, ते पुढचा स्टेशन मास्तर पाहीन!"

*

वानखडे साहेब प्लांटच्या सेफ्टी विभागातून रिटायर झाले. आमच्या बैठकीत चिवड्याची डिश टेबलाच्या कडेला ठेवली, तरी ते उठून आत सरकवतात. त्यांनी माझी वाक्ये आधी मागितली. नियमात बसत नव्हते, मी दिली नाहीत.

त्यांचा हात वर जाईचना. "मुलगा झाडावर चढला." हात खाली. "आईने उकळते तेल कढईत ओतले." हात खाली, आणि चेहऱ्यावर वेदना. "नदी जिना चढून गच्चीवर गेली." हात खाली. चला, एक तरी बरोबर आले, असे म्हणून मी रकाना भरला. तेवढ्यात साहेब पुटपुटले, "कठडा असेल तर जाऊ द्या."

मग मी वाचले, "रमेश शिडीवर चढून दिवा बदलत होता."

हात खाली.

आता माझाही धीर सुटायला आला. इतके साधे वाक्य! तोवर बसलेल्या बाकी सगळ्यांनी ते मान्य केले होते.

"साहेब, यात काय खटकलं?"

"मेन स्विच बंद केल्याचा उल्लेख नाही. शिडी धरायला खाली कोण आहे, ते नाही. परमिटवर सही कोणाची आहे?"

"साहेब, मी ते विचारत नाही. वाक्याला अर्थ आहे का, तेवढं सांगा."

साहेबांनी डोळे मिटून खरोखरच विचार केला. मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "अर्थ आहे. परवानगी नाही!"

*

दहा माणसे पुरी होत नव्हती, म्हणून गजाभाऊंच्या धाकट्या मुलीला बसवले. ईशा कॉलेजात शिकते. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि उंबऱ्यावर दोन्ही.

तिने हात वर केला तो खाली घेतलाच नाही. दगडाने पोळ्या खाल्ल्या, वर. बादलीने गोष्ट सांगितली, वर. उशीने भावाला पत्र लिहिले, तेही वर! एका हाताने मोबाइल, एक हात कायम हवेत. मला वाटले पोरगी टिंगल करून राहिली. जरा रागावूनच विचारले.

ती बिचारी खरेच गोंधळली. "आत्या, मुझे लगा कोई म्हण होगी."

"म्हण?"

"हाव ना! तुमी लोक दिवसभर असंच तं बोलता. परवाच आई म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. अपने घर में आंगन है क्या? तरी मी काई म्हटलं? मी हाव म्हटलं."

गजाभाऊ आतून ओरडले, "तिले पास कर, सुमनताई! हेच खरं मराठी घरात राहायचं तंत्र आहे!"

*

एक किस्सा शांताकाकूंचा, तो मी फार जपून लिहून ठेवला आहे.

माझ्या यादीत एक वाक्य होते, "सासूने सुनेचे पाय चेपले." अर्थाच्या दृष्टीने त्यात काही अडचण नाही. वाचल्यावर वानखडे साहेब सोडून बाकी सगळ्यांचे हात थोडे रेंगाळत का होईना, वर गेले. काकूंचा गेला नाही. डाव्या हाताची भानगड आम्ही तोवर मिटवली होती. बायकांनी डाव्या हातात रुमाल धरून तो वर करायचा, असे ठरले होते. काकूंचा रुमाल मांडीवरच.

"काकू, अर्थ नाही का लागत?"

"असं वाक्य आमच्यात नसते," काकू म्हणाल्या. आवाज असा, की पुढे विचारायची सोय नाही. मी ‘नाही’ लिहिले आणि ते वाक्य यादीतून काटले.

दोन दिवसांनी त्यांची सून पावर हाउसच्या बाजारात भेटली. मी हसत हसत तिला ती गोष्ट सांगितली. ती हसलीच नाही. हातातली पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "ताई, माझं ऑपरेशन झालं तेव्हा ह्यांच्या आईनं महिनाभर रोज संध्याकाळी माझे पाय चेपले. मी नको नको म्हणायची. दार लावून घ्यायच्या, कोणी पाहू नये म्हणून."

मी पुढच्या शनिवारी काकूंना बाजूला घेतले. "काकू, तुमी तं खरंच चेपले होते. मंग हात कावून नाही केला?"

काकू कानाशी आल्या. "केलं ते केलं. त्याचं वाक्य कायले करतं?"

*

आता लोखंडाचा किस्सा. हा घडला तेव्हा मी वही हातातून टाकली होती.

माझी निरर्थक वाक्ये संपली, सुचेनात. मग रेश्माच्या हिंदी कागदावरून एक उचलले आणि मराठी केले. "लोखंड नालीतून वाहत गेले." दगड पोळी खातो तसेच लोखंड वाहते, म्हणून सोपे निरर्थक वाक्य. मी स्वतः जन्म भिलाईत काढला, फर्नेसवाल्याची बहीण, तरी माझ्या डोक्यात काही शिरले नाही. कागदावर छापून आले की आपण अक्कल गहाण ठेवतो ती अशी.

मी वाचले आणि खोलीतले सगळे हात वर! बापूरावांचा, ईशाचा, शांताकाकूंचा रुमाल, एवढेच काय, वानखडे साहेबांचासुद्धा. साहेबांचा त्या वहीतला हा पहिलाच ‘हो’!

मी गोंधळून म्हटले, "अहो, लोखंड वाहते कसं?"

गजाभाऊ अपमान झाल्यासारखे उठून उभे राहिले. "लोखंड नाही वाहनार तं काय बॅग घेऊन चालत जाईन? मी अन् मनोहरनं पस्तीस वर्षं काय केलं मंग? भट्टीचं तोंड उघडलं का नालीतून सरसर येते! मनोहर तं त्याचा रंग पाहून सांगे, आज माल कसा आहे ते."

"पण कागदावर तं हे..."

  माझ्या आणि गजाभाऊंच्या मनात एकदमच एक गोष्ट आली असावी. ती बाकीच्यांना कळायला थोडा वेळ लागला.

मी रेश्माला फोन लावला. "बेटा, भैया का पुराना कागज देखो तो. लोहा नाली में बह रहा है. उसपे क्या किया था उन्होंने?"

पलीकडे पाने उलटल्याचा आवाज आला. "हाथ ऊपर किया था, आंटी. सबसे जोर से यही वाला किया था. मैंने गलत लगाया है."

"वो गलत नहीं है, बेटा," मी म्हटले. "तुम्हारा मायका कहाँ है?"

"कवर्धा."

"फिर तुम्हारी भी गलती नहीं है. वहाँ भट्टी कहाँ!"

एक मार्क वाढला. चाळीसात तेवीस. पेढे वाटावेत असे त्यात काही नव्हते. मी तसे वहिनींना सांगितलेही. त्या कणीक मळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "एक तं एक. मार्क तं ह्यायचाच आहे ना?" त्या दिवशी पोळ्या नेहमीपेक्षा जास्त झाल्या. मला डबा भरून दिला.

*

आमचे हे इन्शुरन्सच्या ऑफिसात आहेत. माझ्या वहीकडे ते सहसा पाहत नाहीत. यादी पुरी झाली तेव्हा मात्र चष्मा लावून बसले. चाळीसपैकी सत्तावीस वाक्यांवर काट मारलेली. दहा धडधाकट, शिकली-सवरलेली माणसे, प्रत्येकाला नियम पुन्हा समजावून दुसऱ्यांदा बसवले, तरी सगळ्यांचे एकमत झाले ते फक्त तेरा वाक्यांवर.

माझा चेहरा पडला होता. दादाला तेरा वाक्यांवरून तोलायचे, आणि त्यात तो चुकला तर वहिनींना काय सांगायचे? दोन महिने मी याच विचाराने झोपायला जात होते.

ह्यांनी वही मिटली. "तेरा?"

"हो."

"भिलाईतली दहा मराठी माणसं तेरा गोष्टींवर एकमत?" ह्यांनी चष्मा काढून पुसला. "सुमन, हे कुठं बोलू नकोस. मंडळ फुटेल."

*

बुधवारी सकाळी अकराला रेश्मा आली. दादाला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवले. डाव्या हाताखाली उशी दिली. वाक्ये मी वाचणार, रेश्मा खुणा करणार. वहिनींनी खोलीत थांबायचे नाही, असे तिने बजावले होते, कारण वहिनींचे डोळे उत्तर सांगतात. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथे एकही भांडे वाजले नाही. चाळीस वर्षांत त्या स्वयंपाकघरात इतकी शांतता मी ऐकली नव्हती.

मी नियम सांगितला. दादा माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "चला."

"आंब्याच्या झाडाला कैऱ्या लागल्या."

दादा थांबला. मी मनात मोजत होते. एक, दोन, तीन. हात वर गेला.

"बादलीने गोष्ट सांगितली."

हात उशीवर. हलला नाही.

"पोस्टमनने पत्र आणून दिले." वर. "चमच्याला खोकला झाला." खाली. मी घोटभर पाणी प्यायले. सातवे वाक्य होते, "उशीने भावाला पत्र लिहिले." दादाने हात तर नाहीच उचलला, पण माझ्याकडे असे पाहिले, की लहानपणी मी गणित चुकवले की पाहायचा ना, अगदी तसेच! रेश्माने त्याचीसुद्धा कागदावर नोंद केली.

आठ, नऊ, दहा. अकराव्याला तो फार वेळ थांबला. "म्हाताऱ्याने नातवाला खांद्यावर घेतले." रेश्माचे पेन हवेत. मी दुसऱ्यांदा वाचायचे नाही, असा नियम. मी ओठ घट्ट मिटून बसले. बाहेर कोणाची तरी स्कूटर सुरू होईना. किक, किक, पुन्हा किक. स्कूटर सुरू झाली आणि दादाचा हात वर गेला.

बारा. तेरा.

रेश्माने कागद वरून खाली तपासला, मग खालून वर. मग पेनाला टोपण लावले. "तेरह में तेरह, आंटी."

वहिनी केव्हाच दारात येऊन उभ्या होत्या. हात पिठाचे. "मंजे?" त्या मला विचारत होत्या की रेश्माला, कळत नव्हते. "मंजे काय समजायचं?"

"आंटी, अंकल बोल नहीं पा रहे, बस. समझते सब हैं. मुझे लगता है, पहले दिन से समझ रहे हैं."

वहिनी मटकन वेताच्या मोड्यावर बसल्या. पिठाच्या हातानेच डोळे पुसले आणि मोठ्याने रडल्या. दिवाळीपासून दाबून धरलेले सगळे रडणे एकदम. मीही रडले. रेश्मा खिडकीबाहेर पाहत राहिली. दादा डाव्या हाताने वहिनींचा पदर ओढत होता. "चला," म्हणत होता. "चला, चला."

मग एकाएकी वहिनी रडायच्या थांबल्या. तोंडावरून पदर खाली आला. चेहऱ्यावर पिठाचे पट्टे तसेच.

"थांबा जरा," त्या दादाला म्हणाल्या. "मंजे दिवाळीपासून मी इथं बसून जे जे बोलली, ते सगळं तुमाले समजलं?"

दादाचा डावा हात वर गेला.

"सगळं?"

हात वरच.

वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिले, पटकन नजर वळवली, आणि आवाज अगदी बारीक केला. "तुमच्या बहिनीबद्दल बोलली, ते बी?"

दादाने हात खाली घेतला. मान वळवून माझ्याकडे पाहिले. चांगले निरखून, सावकाश पाहिले. आणि मग डावा हात असा उचलला, की कोपर थेट कानाला लागले!